दोन अक्षरं आणि एंटर

१४ जून २००५, मंगळवार. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि एकेक शॉर्टकट परत तयार करायला घेतला. आदल्या दिवशी मशीनमध्ये व्हायरस शिरला म्हणून मेकॅनिकने सगळं पुसून नवीन विंडोज टाकून दिलं होतं. आमच्या फाइली त्याने आधी सीडीवर काढून घेतल्या होत्या, त्या परत आल्या. पण तीन वर्षांत मी बसवलेली दोन-दोन अक्षरांची नावं गेली. मेकॅनिकला त्यांचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "वहिनी, डाटा वाचला ना? मग झालं."

जून म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम. आर्वीला तहसील कचेरीच्या समोर आमचं टायपिंगचं दुकान. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की उत्पन्नाचं, जातीचं, नावातल्या बदलाचं प्रतिज्ञापत्र करायला गावोगावचे लोक कागदांच्या पिशव्या घेऊन पायरीवर बसतात. त्या दिवसांत मशीन अर्धा दिवस बंद ठेवणं म्हणजे लोकांनी समोरच्या टायपिंगच्या टपरीवर जाणं. म्हणून मी घाईत होते.

हे शॉर्टकट काय ते सांगते. किबोर्डवर खिडकीची खूण असलेलं बटण असतं. ते आणि आर एकदम दाबलं की स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन उघडतो. त्यात प्रोग्रामचं नाव लिहून एंटर दाबलं की प्रोग्राम सुरू होतो, माऊसला हात लावावा लागत नाही. एवढं पुष्कळांना माहीत असतं. पण आपल्या एखाद्या फाइलीचा किंवा फोल्डरचा शॉर्टकट बनवायचा, त्याला आपल्याला हवं ते नाव द्यायचं आणि तो विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकायचा, म्हणजे त्या नावाने तोही उघडतो. हे मला कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी एकदा लाइट यायची वाट बघत बसलो असताना तोंडी सांगितलं होतं. मी घरी येऊन करून पाहिलं आणि जमलं. उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्राला मी यू-टी ठेवलं, जातीला जे-ए, वारसाला व्ही-ए, लग्नपत्रिकांच्या फोल्डरला एल-ए, तेरवीच्या पत्रिकांना टी-ई. दोन अक्षरं आणि एंटर, की मसुदा समोर.

हे मी हौसेने केलं नव्हतं. यांच्यासाठी केलं होतं.

माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. एका लांब खोलीत भिंतीला लावून टाइपरायटरची रांग, आणि सकाळी सहापासून रात्रीपर्यंत पोरापोरींच्या बॅच. नोकरीच्या परीक्षेसाठी मिनिटाला इंग्रजी तीस शब्द, मराठी तीस, चाळीस. हे मास्तर. गावात अजूनही त्यांना दुसरं नाव नाही. यांची एक सक्त शिस्त होती: नजर मजकुरावर, बोटांवर नाही. कुणी किबोर्डकडे पाहिलं की हे मागून जाऊन त्याच्या हातांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवत. पोरी रडायच्या. पण परीक्षेला पास होत. मी स्वतः यांच्याकडेच शिकले, लग्नानंतर. मला सवलत नव्हती. माझ्या हातांवरही पुठ्ठा होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पोरं कमी होऊ लागली. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. आम्ही मशीनी एकेक करून भंगारात काढल्या, एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला आणि तहसीलसमोर हा गाळा केला. यांना कॉम्प्युटर आवडला नाही, पण यांच्या बोटांना तो लगेच आला. फक्त माऊसशी जमेना. बाण सापडत नाही म्हणायचे. "कुठं पळाला तो उंदीर?" म्हणून टेबलावर माऊस गोल गोल फिरवायचे. मला वाटायचं, वय झालं, नवीन गोष्ट आहे, होईल सवय.

सवय झाली नाही. एक दिवस हे भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बैलगाडीला जाऊन धडकले. समोरचं दिसलं, बाजूचं नाही. तेव्हा वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवलं, की नजर कडेने खात येते आणि मधलं भोक शेवटपर्यंत राहतं. नळीतून पाहावं तसं दिसतं. म्हणूनच बाण सापडत नव्हता. तो नळीच्या बाहेर असायचा. दोन वेळा थेंब टाकायचे, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं ठरलं.

मग मी माऊस काढून टाकण्याच्या मागे लागले. दोन अक्षरांची नावं त्यातूनच आली. नंतर मी मसुद्यांमध्येही सोय केली. जिथे नाव, वय, गाव भरायचं तिथे फुल्या घातल्या, म्हणजे एक बटण दाबलं की हे एका फुलीवरून पुढच्या फुलीवर जात. कुठल्या मसुद्यात कुठल्या क्रमाने काय येतं, ते यांना पाठ झालं. साठवायचं, छापायचं, बंद करायचं, सगळं बटणांवर. गिऱ्हाइकं बघत बसायची. "मास्तर त माऊसले हातबी नाई लावत," म्हणायची. यांना ते आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लोकांना डोळ्यांचं आम्ही सांगितलं नाही. तसं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. आपल्या जमिनीचा, वारसाहक्काचा कागद कमी दिसणाऱ्याच्या हातून कोण करून घेईल?

वर्ध्याला पहिल्या दोन-तीन वेळा मी यांच्यासोबत गेले. मग दुकान बंद ठेवणं परवडेना, आणि हे म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जातो, सायंकाळी येतो, तू काऊन येतं?" परत आले की सांगायचे, ठीक आहे म्हणाले, थेंब चालू ठेवा. थेंबाची नवी बाटली पिशवीत असायचीच. मी बाटली पाहायची आणि विषय संपायचा.

तर त्या मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला यू-टी आणि जे-ए बसवून झाले. व्ही-ए करायला घेणार तेवढ्यात कागद संपत आल्याचं लक्षात आलं. हे नुकतेच घरून आले होते. मी उठले, खुर्ची यांना दिली आणि म्हणाले, "उत्पन्नाचं अन् जातीचं झालंय. बाकीचं आल्यावर करते." व्ही-ए नाही, असं मी वेगळं सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही. नसलेलं नाव टाकलं तर कॉम्प्युटर लगेच एक डबा उघडून सांगतो, की असं काही सापडलं नाही. दिसेलच की, असं मी धरून चालले.

कागदाचा रिम घेऊन परत आले तेव्हा यांच्यासमोर रोहण्याचा एक म्हातारा बसला होता. धाकटा भाऊ वारला होता, त्याच्या वारसांचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. म्हातारा सांगत होता आणि हे टाइप करत होते. बाहेर पायरीवरच मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"मास्तर, जरा धीरे सांगू काय?"

"नाई नाई, तुमी सांगत राहा काका. माये बोटं तुमच्या तोंडाच्या पुढं हायेत."

"तुमची ते जुनी मशीन बरी होती. खडखड वाजे त मानसाले वाटे, काम होऊन राह्यलं. आता काईच समजत नाई. पैसे कायचे द्याचे?"

"आवाज पायजे असन त त्याचे अलग लागतीन."

दोघंही हसले. म्हातारा पुढे सांगू लागला: मयताची बायको, दोन पोरं, एक पोरगी, पोरीचं लग्न झालेलं, ती देवळीला दिली आहे.

मी आत आले आणि रिम ठेवायला यांच्या मागे गेले. स्क्रीन समोर होता. त्यावर मसुदा नव्हता. नवीन विंडोजबरोबर येणारं ते हिरव्या टेकडीचं आणि निळ्या आभाळाचं चित्र होतं, आणि त्याच्यावर तो डबा. व्ही-ए सापडलं नाही, नाव नीट तपासा, असं इंग्रजीत.

हे टाइप करत होते. स्पेसचं बटण दाबलं की डबा मिटायचा आणि त्यामागचा छोटा चौकोन वर यायचा. मग पुढची अक्षरं त्या चौकोनात जाऊन पडायची, तिथे मराठी फॉन्ट नसल्याने इंग्रजीत, एकाला एक चिकटून, कशाचा कशाला मेळ नाही. हे एंटर दाबायचे आणि डबा परत यायचा. येत होता, जात होता. हे पाठ ताठ ठेवून, मनगटं उचलून, जसं पोरांना शिकवायचे तसे बसले होते आणि तोंड अगदी स्क्रीनकडे होतं. मयताची बायको, दोन पोरं, देवळीला दिलेली पोरगी, सगळं त्या हिरव्या टेकडीवर चाललं होतं.

आधी मला वाटलं, यांचं लक्ष नाही. मग मी जरा बाजूला सरकून यांचे डोळे पाहिले. ते स्क्रीनवर होते आणि डबा उघडला काय, मिटला काय, त्यांच्यात काहीच हलत नव्हतं.

"चला, झालं," हे म्हणाले. "आता प्रिंट काढतो. वाचून घ्या बरं काका नीट. आपला कागद आपन वाचलेला बरा."

हे वाक्य मी रोज ऐकत होते. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून हे कागद मोठ्याने वाचून घ्यायचे, आणि ज्याला वाचता येत नसेल त्याला मला वाचून दाखवायला लावायचे. तहसीलसमोरच्या इतर टायपिंगवाल्यांपेक्षा आमचे कागद कमी परत येतात, याचं कारण ही काळजी, असं लोक म्हणायचे. मीही तेच समजत होते.

यांनी छापायची बटणं दाबली आणि उजवा हात प्रिंटरच्या तोंडाशी नेऊन धरला. प्रिंटर हलला नाही. यांनी परत बटणं दाबली, परत हात तिथे नेला. म्हातारा पुढे वाकून प्रिंटरकडे पाहू लागला.

मी मागच्या भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबत आला.

"गेली लाइट," मी म्हणाले.

"हे घ्या आता!" म्हातारा म्हणाला. "मंग सारं गेलं काय?"

"गेलं. परत घालावं लागेल. तुम्ही चहा घेऊन या काका, तोवर येईल."

"पाहा मास्तर, म्हनून म्हनलं. जुनी मशीन असती त निदान कागद त हाती राह्यला असता." असं म्हणत तो पायऱ्या उतरून चहाच्या टपरीकडे गेला.

तो लांब गेल्यावर हे म्हणाले, "बाजूच्याचं झेरॉक्स चालू हाये. लाइट नाई गेली. काय केलं तू?"

"व्ही-ए अजून बसवलेलं नव्हतं," मी म्हणाले.

यांची बोटं किबोर्डवरच होती, आपापल्या जागी. हे म्हणाले, "मंग मी टाइप केलं ते कुठं गेलं?"

"कुठंच नाही."

शेजारचं झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मी खुर्ची ओढून यांच्याजवळ बसले आणि विचारलं, किती दिसतं. सरळ विचारलं, कारण वळणं घ्यायला वेळ नव्हता.

"उजव्यानं काईच नाई. डाव्यानं दार कळते, खिडकी कळते. कोनी उभं असलं त ते कळते. कोन हाये ते आवाजावरून."

"कधीपासून?"

"वाचनं गेलं ते दिवाळीच्या आसपास."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?" मी रागावले की मलाही इथलीच बोली येते.

"एक दिवस तरी काम अडलं का?" हे म्हणाले. "सांग ना. एक कागद तरी वापस आला?"

आला नव्हता. मी पुढचं विचारलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

मग एकेक निघालं. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, लवकर करा म्हणाले होते. त्यानंतर हे गेलेच नाहीत.

"मग दर तीन महिन्यांनी वर्ध्याला कुठं जात होते?"

"स्टँडवर बसाचो. बाकड्यावर. बाजूच्या दुकानातून थेंब घ्याचो, चिठ्ठी होतीच जुनी. मंग सायंकाळच्या गाडीनं वापस."

"दिवसभर स्टँडवर?"

"कोनाले न कोनाले विचारून गाडीत बसाचो. लोक सांगतात. काई होत नाई."

कारण विचारलं तर कचेरीजवळ स्टॅम्प विकणाऱ्या एकाचं सांगितलं. त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी काढली आणि होतं तेही गेलं. "माह्याजवळ खिडकीएवढं हाये. ते कायले जुगारात लावू?" हे म्हणाले. त्या स्टॅम्पवाल्याला काचबिंदू नव्हता, साखर होती, आणि त्याने ऑपरेशन उशिरा केलं होतं. पण ते तेव्हा बोलून उपयोग नव्हता.

मला राग यांचाही आला आणि त्या दोन अक्षरांचाही. मी इतकं नीट बसवून दिलं होतं की त्यात डोळ्यांना जागाच राहिली नव्हती. यांचं कुठे अडखळलं असतं, एखादी फाइल सापडली नसती, एखादा कागद चुकीचा गेला असता, तर मला दिवाळीतच कळलं असतं. अडखळायला मी काही ठेवलंच नव्हतं.

म्हातारा परत येताना दिसला. मी उठून मेन स्विच वर केला आणि यांना म्हणाले, "उठा तिथून." हे उठले. टेबलाच्या कडेला हात लावत बाकावर जाऊन बसले. रोज असेच उठत असणार, मी त्या दिवशी पाहिलं.

"आता बाई करून राह्यल्या?" म्हातारा म्हणाला.

"मास्तरांना बरं वाटत नाही. सांगा परत पहिल्यापासून."

"परत?" त्याने यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, काय झालं वो? आताच त चांगले होते."

"चक्कर आली," हे बाकावरून म्हणाले.

मी जुन्या पद्धतीने फोल्डर शोधून फाइल उघडली आणि टाइप केलं. मयताची बायको, दोन पोरं, देवळीची पोरगी. म्हातारा मध्येमध्ये उसासे टाकत होता. "बाई, तुमी हळू हाये. मास्तर असते त आतापर्यंत दोन झाले असते." मी कागद छापला, त्याला वाचून दाखवला, त्याने सही केली आणि तो कचेरीत गेला. मग मी शटर ओढलं. पायरीवर आणखी लोक होते, त्यांना उद्या या म्हणाले. त्यातले काही समोरच्या टायपिंगच्या टपरीवर गेले.

दुपारच्या गाडीने वर्ध्याला निघालो. गाडीत आम्ही बोललो नाही. मी यांचा दंड धरला होता आणि तो धरायची मला सवय नव्हती. चढताना पायरी कुठे आहे हे सांगायला विसरले आणि यांची नडगी लागली.

संध्याकाळी पाचला दवाखाना उघडला. डॉक्टरांनी टॉर्चने पाहिलं, बोटं धरून मोजायला सांगितली. उजव्या डोळ्यासमोरची बोटं यांनी मोजलीच नाहीत. डाव्या डोळ्यासमोर डॉक्टरांनी हात हलवला तेव्हा म्हणाले, "हलते काहीतरी." डॉक्टरांनी जुना कागद काढून त्यावर काय लिहिलं होतं ते वाचलं आणि माझ्याकडे वळले.

"घरात तुमच्या लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

"साहेब, तिच्यामुळंच कोनाच्या लक्षात नाई आलं," हे म्हणाले. "तिनं मले मशीनीवर सगळं असं बसवून देल्लं होतं, का डोळ्याचं कामच नाई पडे. तुमी पाहाले पायजे एकदा."

हे मनापासून बोलत होते. माझं कौतुक करत होते. डॉक्टर खाली बघून लिहू लागले.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते थोडकं होतं. जे गेलं ते कशानेही परत येत नाही. डाव्या डोळ्यात जेवढं उरलं आहे तेवढं ऑपरेशनने टिकू शकतं, नक्की सांगता येत नाही. नाही केलं तर तेही जाणार, यात शंका नाही. दिवाळीत केलं असतं तर वाचण्यापुरती नजर राहिली असती का, हे मी विचारलं. ते म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग?" म्हणजे राहिली असती.

"टायपिंग करता येईल ना?" यांनी विचारलं.

"करा की. फक्त काय टाइप होतंय ते बघायला माणूस लागेल."

ऑपरेशनची तारीख घेऊन आम्ही बाहेर पडलो. स्टँडवर यांनी मला ते बाकडं दाखवलं नाही, पण यांचे पाय आपोआप तिकडे वळले आणि आम्ही तिथेच बसलो. समोरच्या टपरीवरचा चहावाला यांना पाहून म्हणाला, "या मास्तर, आज वहिनी सोबत?" तो यांना ओळखत होता. मी चहा घेतला नाही.

"खिडकीएवढ्यासाठी कायले चिरफाड?" हे म्हणाले.

"खिडकीएवढं तरी राहू द्या. घरात भिंतींवर आपटत फिरू नका."

"हो," म्हणाले. नंतर गाडीत बसल्यावर, पुलगाव मागे पडल्यावर, हळू आवाजात म्हणाले, "उद्या ते व्ही-ए बसवून देजो. मी पहिलेसारखाच बसत जाईन. तू फक्त बाजूले राह्यजो अन् स्क्रीनवर नजर ठेवजो. काई वेगळं आलं त टेबलावर बोट वाजवजो. लोकाले काय समजते?"

हे त्यांनी आधीच नीट विचार करून ठेवलेलं होतं, हे आवाजावरून कळत होतं. मी त्यावर बराच वेळ विचार केला, कारण ते जमण्यासारखं होतं. मी बाजूला बसले असते, बोट वाजवलं असतं, आणि आणखी वर्ष-दोन वर्षं कुणाला कळलं नसतं. पण ते कागद कुणाच्या तरी शेताचे, घराचे, पोरांच्या प्रवेशाचे होते. त्या म्हाताऱ्याने आपला मेलेला भाऊ आणि त्याची लेकरं आमच्या भरवशावर सांगितली होती आणि ती कुठेच गेली नाहीत. पाटी असलेल्या दुकानात बसून, लोकांना माहीत नसताना, असं चालवता येत नाही. आणि दुसरंही एक होतं. पुन्हा काहीतरी छान बसवून देऊन मी यांचं उरलेलंही झाकणार होते.

"बघू," एवढंच मी म्हणाले. हे मान डुलवत राहिले. यांना ते हो वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या चाव्या घेतल्या तेव्हा हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते.

"आज तुम्ही घरीच राहा," मी म्हणाले.

"अन् लोकाले काय सांगशील?"

"आहे ते."

मी भाकरी झाकून ठेवली आहे, थेंबाची बाटली खिडकीत आहे, असं सांगून निघाले. गल्लीच्या तोंडाशी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत गेले असते.

शटर वर केलं तेव्हा पायरीवर आधीच पाच-सहा लोक होते. पहिली एक बाई होती, पोरीला घेऊन आलेली, अकरावीच्या प्रवेशासाठी. ती आत आली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाली, "मास्तर नाई आले काय अजून?"

"मास्तरांना आता दिसत नाही," मी म्हणाले. "टायपिंग मी करते. मुलीचं पूर्ण नाव सांगा."

"अगं बाई! कधीपासून वो?"

"दिवाळीपासून. नाव सांगा."

तिने पोरीकडे पाहिलं, पोरीने पायाकडे पाहिलं. मग तिने नाव सांगितलं आणि मी टाइप करू लागले. बाहेरचे एकमेकांत कुजबुजत होते. कुणीतरी म्हणालं, "मंग आपल्या त्या मार्चमधल्या कागदाचं काय?" तेव्हा मी टाइप करायचं थांबवलं, उठून दारात गेले आणि सांगितलं, की दिवाळीनंतर इथून केलेला ज्याचा कागद असेल त्याने तो घेऊन यावा. मी प्रत्येक ओळ वाचून देईन आणि चूक निघाली तर परत करून देईन. दोघं जण लगेच उठून गावाकडे कागद आणायला निघाले. मी आत येऊन त्या पोरीच्या वडिलांचं नाव विचारलं.